उन्हाची छत्री: सोलापुरातले चार दिवस

चिपळूणच्या माणसाला मे महिन्यात 'छत्री घे' म्हटलं, तर तो आधी आभाळाकडे बघतो आणि मग तुमच्याकडे. आमच्या छत्र्या माळ्यावरून उतरतात त्या मृगाच्या आठवडाभर आधी. तोवर जुन्या पातळात गुंडाळून पडलेल्या असतात. म्हणून मामी फोनवर "येताना छत्री आण गं" म्हणाली तेव्हा मी "हो हो" केलं आणि विसरले. सोलापुरात पाऊस कुठला? पर्जन्यछायेचा प्रदेश मी स्वतः दरवर्षी पोरांना फळ्यावर नकाशा काढून शिकवते.

जायचं कारण मामाचं वर्षश्राद्ध. मामा मूळचा आमच्याच गावचा. विशीत सोलापूरला गिरणीत कारकून म्हणून गेला आणि तिथलाच झाला. गिरण्यांचे भोंगे थांबले तरी कोकणात परतायचं त्यानं कधी नाव काढलं नाही. "तुमच्याकडं घाम फार येतो," म्हणायचा. आणि हे ४३ अंशांत राहणारा माणूस सांगायचा!

पहिला दिवस: बिनढगाच्या छत्र्या

पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसनं रात्री पोचले. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या नावाची ही गाडी. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा. मामा ही चार नावं एका दमात म्हणायचा, स्टेशनांच्या नावांसारखी.

सकाळी नऊला कोपऱ्यावरून दूध आणायला म्हणून बाहेर पडले. जाताना ठीक होतं. येताना दोनशे पावलांत डोळ्यांपुढे अंधारी आली. हे ऊन कोकणातल्यासारखं चिकटत नाही, भाजतं. एका भिंतीच्या सावलीला टेकून उभी राहिले आणि तेव्हा नीट पाहिलं: आभाळात ढगाचा ठिपका नव्हता आणि रस्त्यावर छत्र्याच छत्र्या. विडी कारखान्याकडे निघालेल्या बायका, हातात पिशवी आणि डोक्यावर छत्री. एक आजोबा सायकल हातानं ढकलत होते आणि दुसऱ्या हातात छत्री. कोथिंबिरीच्या जुडीवर छत्री आणि विकणारी मात्र उन्हात.

घरी आल्यावर मामीनं माझा चेहरा बघून आधी माठातलं पाणी दिलं आणि मग विचारलं, "आणलीस का छत्री?"

"पाऊस कुठंय मामी?"

"पावसाला कोण विचारतंय? ऊन बघ की बाहेर!"

मग तिनं दारामागच्या खुंटीवरून मामाची छत्री काढून हातात दिली. लांब दांडा, लाकडी मूठ, आठ काड्या. कधीकाळी काळी असणार. आता वरून तांबूस करडी, विटलेली. उघडून आतून पाहिली तर अजून काळीभोर. एका काडीचं टोक कापडातून सुटलं होतं. "चाळीस वर्षं हीच," मामी म्हणाली. "दुरुस्त करून आण. पण कापड बदलू नको हं."

मी इतिहास शिकवते, छत्रीवर कधी विचार केला नव्हता. त्या दुपारी पंख्याखाली पडल्या पडल्या केला. आपल्या जुन्या शब्दांतच सगळं सांगून ठेवलंय. छत्र म्हणजे झाकणारं. दुसरा शब्द आतपत्र: आतप म्हणजे ऊन, त्यापासून राखणारं ते. पावसाचं नाव नाही. इंग्रजीतल्या 'अंब्रेला'चं मूळही लॅटिन 'उंब्रा', म्हणजे सावली. एवढं कशाला, देवांच्या पालखीबरोबर उंच काठीवर पानाच्या आकाराची झालरवाली अब्दागिरी असते ना, ती मूळची फारसी आफताबगीर. आफताब म्हणजे सूर्य. ऊन अडवायचं साधन ते. छत्री पावसात गेली ती फार नंतर, आणि आम्ही कोकणातली माणसं समजतो की ती पावसासाठीच जन्मली.

संध्याकाळी सिद्धेश्वराला गेलो. तळ्यातलं देऊळ, बाजूला भुईकोट किल्ल्याचे बुरूज. सूर्य कलला की हे गाव एकदम बाहेर येतं. पोरं, म्हातारी, भेळ, फुगे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची समाधी इथेच. "जानेवारीत ये, गड्ड्याला," मामी म्हणाली. संक्रांतीच्या त्या जत्रेत उंचच उंच नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यावर पेलत मिरवतात, ते मला अजून बघायचंय.

रात्री कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. कडक भाकरी ही मोडून खायची वस्तू आहे. मी पहिल्या घासाला ती चावली आणि दाढेनं आवाज केला. चटणीत घाला, दह्यात बुडवा, आमटीत चुरा. आठवडे टिकते, म्हणून परत नेताना डब्यात उभी रचून न्या. आडवी ठेवलीत तर घरी चुराच पोचतो, हे अनुभवानं सांगते.

(उन्हाळ्यात जाणार असाल तर बाहेरची कामं दहाच्या आत नाहीतर सहानंतर. मधला वेळ सोलापूरकर झोपतो, आपणही झोपावं. निवड असेल तर डिसेंबर-जानेवारीत जा, हुरडा मिळेल.)

दुसरा दिवस: दानाची की वापरायची?

श्राद्धाच्या यादीत गुरुजींनी दोन गोष्टींवर खूण करून दिली होती: छत्री आणि चपला. सकाळी लवकर नवी पेठ आणि मधल्या मारुतीच्या बाजूला फिरले. पहिल्याच दुकानात मी छत्री मागितल्यावर मालकांनी न बघताच विचारलं, "दानाची की वापरायची?"

मला क्षणभर कळलंच नाही. मग त्यांनी दोन्ही काढून दाखवल्या. दानाची एकशे ऐंशीला, उघडताना काड्या कुरकुरतात. वापरायची चारशे वीस. देवाधर्माच्या नावाखाली आपण काय काय खपवतो याचा असा स्वच्छ हिशेब मी पहिल्यांदाच पाहिला. मामीनं मात्र बजावून पाठवलं होतं: दानाची नको. वापरायची घेतली.

मालक तेलुगू बोलणारे, दोन पिढ्यांपूर्वी विणकामासाठी आलेल्या घरातले. गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा गप्पा लागल्या. तेलुगूत छत्रीला गोडुगू म्हणतात हे त्यांनी सांगितलं. शेजारच्या बॅगवाल्यांनी कानडी शब्द पुरवला: कोडे. मी म्हटलं, आमच्यात कोडं म्हणजे वेगळंच. "मग बरोबर आहे की," ते म्हणाले, "घडीची छत्री परत पिशवीत घालून दाखवा बरं!" समोरच्या हातगाडीवरून तिसरा आवाज आला, "छतरी बोलो, सबको समजता." दहा पावलांच्या रस्त्यात चार भाषा, आणि कुणी कुणाला भाषांतर मागत नाही.

लिंबू सोडा आला, तसा माझ्यातला मास्तर जागा झाला. मालकांना जोनास हॅनवेची गोष्ट सांगितली. अठराव्या शतकातला लंडनचा माणूस. तिथे तोवर छत्री ही बायकांची वस्तू. पुरुषानं धरली की लोक हसायचे. हा गडी सुमारे तीस वर्षं पावसात छत्री घेऊन फिरला. सर्वांत जास्त चिडायचे घोडागाडीवाले, कारण पाऊस लागला की लोक गाडी करायचे. भर पावसात कुणी कोरडा चालत गेला तर त्यांच्या पोटावर पाय. मालक म्हणाले, "आमच्याकडं उलटं. उन्हात छत्री नसेल तर रिक्षा करावी लागते. रिक्षावाले पण माझं दुकान बघून नाक मुरडत असतील." ही नोंद पुढच्या वर्षी वर्गात वापरणार आहे.

दुरुस्तीवाले चाचा एका कडुनिंबाखाली बसतात. पत्र्याच्या पेटीत जुन्या छत्र्यांची हाडं: काड्या, खटके, मुठी, टोपणं. एका मेलेल्या छत्रीतून दहा जिवंत होतात म्हणाले. मामाची छत्री त्यांनी हातात घेतली, उघडली, आभाळाकडे धरून खालून पाहिलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"ये बारिश की नई है, धूप की है. कपडा बदलूं?"

मी नको म्हटलं. मामीचा निरोप सांगितला. त्यांनी मान हलवली, सुटलेली काडी दोऱ्यानं टाचली, खटक्यात तेलाचा थेंब सोडला आणि वीस रुपये घेतले. पोलादी काड्यांचा सांगाडा इंग्लंडात सॅम्युअल फॉक्सनं १८५२ मध्ये काढला; त्याआधी तिकडे देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्ट्या वापरत, जड आणि ओल्या झाल्या की नकोशा. चाचांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मछली की हड्डी? बास नई आती थी?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

रात्री वीज गेली. सगळी चाळ गच्चीवर. मामीच्या शेजारच्या कानडी बोलणाऱ्या अक्का, त्यांची नातवंडं, माझा मामेभाऊ. अंधारात मी पोरांना राजांच्या छत्रांच्या गोष्टी सांगत बसले. अ‍ॅसिरियाच्या राजवाड्यांतल्या दगडी पट्ट्यांवर राजा रथात उभा असतो आणि मागचा सेवक त्याच्यावर छत्र धरतो. इराणात पर्सेपोलिसच्या दारावर तेच: राजा पुढे, छत्रवाला मागे. चीनमध्ये पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ १९८० मध्ये काशाचा रथ सापडला, त्यातही उभ्या सारथ्याच्या डोक्यावर छत्र. आपल्याकडे तर राजाला छत्रपतीच म्हणतात. रायगडावर ६ जून १६७४ ला शिवाजी महाराजांवर छत्र धरलं गेलं ते ज्येष्ठातच, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. आणि कार्ल्याच्या लेण्यात जाल तर स्तूपावर लाकडी छत्र अजून टिकून आहे. खाली बुद्धाची मूर्ती नाही. नुसती छत्रीच सांगते की इथे कुणी मोठं आहे.

"आणि छत्री धरणाऱ्यावर कोण धरतं?" अक्कांच्या नातवानं विचारलं.

एवढी चित्रं वर्षानुवर्षं दाखवली, पण हे मला कधी सुचलं नव्हतं. कोणीच नाही. तो उन्हात.

तिसरा दिवस: रेणुकेचे पाय

श्राद्धाचं फार सांगत नाही. घर भरलेलं होतं, मामाचा फोटो टीव्हीच्या जागी होता, मामी कामात होती म्हणून बरी होती. दानाची वेळ आली. छत्री आणि चपला ताटाशेजारी ठेवल्यावर मामेभाऊ हळूच म्हणाला, "गुरुजी, हे छत्री-चपलाच का हो? तुम्ही तर बाइकवरून येता."

गुरुजी हसले. "विचारलंस ते बरं झालं. हाच प्रश्न युधिष्ठिरानं विचारलाय." आणि जानवं सारखं करून त्यांनी महाभारतातली अनुशासनपर्वातली गोष्ट सांगितली. शरशय्येवरच्या भीष्मांना युधिष्ठिर विचारतो, श्राद्धात छत्री आणि पादत्राणं द्यायची रीत कुणी सुरू केली? भीष्म जमदग्नीची कथा सांगतात. ज्येष्ठातली दुपार. जमदग्नी धनुष्य घेऊन बाण सोडतायत, मौज म्हणून. रेणुका पळत जाते, बाण वेचते, आणून देते. पुन्हा सोडतात, पुन्हा आणते. डोकं तापलं, पाय पोळले, म्हणून ती एका झाडाखाली जराशी थांबली. उशीर झाला. ऋषी रागावले. तिनं कारण सांगितलं तसा राग वळला सूर्यावर. धनुष्य आभाळाकडे रोखलं. सूर्य ब्राह्मणाच्या वेषात येऊन म्हणतो, मी सदा चालता, मला कसा वेधणार? जमदग्नी म्हणतात, भर माध्यान्ही तू अर्धा निमिष थांबतोस. तेव्हा.

"मग?" सगळी पोरं एकदम.

"मग काय. सूर्य शरण आला आणि दोन वस्तू दिल्या. डोक्याला छत्री, पायाला चपला. म्हणजे बघा, छत्री दिली कुणी? ज्याच्यापासून वाचायचं, त्यानंच."

अक्का दारात उभ्या होत्या. "रेणुका म्हणजे आमची यल्लम्मा," त्या म्हणाल्या. दरवर्षी सौंदत्तीला जातात त्या. "ऋषीला बाण सोडायला ऊन लागलं नाही, आणायला तिला लागलं." गुरुजींनी यावर काही भाष्य केलं नाही. मामी स्वयंपाकघरात गेली, आणि मला वाटतं हसली.

निघताना मी गुरुजींना भीतभीतच विचारलं, तुमच्याकडे अशा किती छत्र्या जमल्या असतील? त्यांनी लपवलं नाही. बऱ्याच. पण घरात ठेवत नाहीत. लक्ष्मी मंडईबाहेर खाली बसून भाजी विकणाऱ्या बायकांना देतात. "म्हणून म्हणतो, वापरायची आणत जा. दानाची एका उन्हाळ्यात मोडते आणि शिव्या मला बसतात." मामीनं मला का बजावलं होतं ते तेव्हा कळलं. तिला हे आधीपासून ठाऊक होतं.

दुपारी चारला आभाळ एकदम पिवळं झालं. वारा, धूळ, पत्र्यांचा खडखडाट. वळीव! पाच मिनिटं टपोरे थेंब, मातीचा वास, आणि रस्त्यावरच्या सगळ्या छत्र्या उलट्या. गंमत म्हणजे पाऊस आल्यावर लोकांनी छत्र्या मिटल्या आणि भिजत उभे राहिले. मीही गच्चीवर गेले. कोकणात आम्ही पावसाला कंटाळतो, इथे लोक त्याला तोंड दाखवतात.

चौथा दिवस: कुडल

मामेभावाच्या गाडीनं हत्तरसंग कुडल. साधारण चाळीस किलोमीटर, भीमा आणि सीना यांच्या संगमावर. स्वतःचं वाहन असेल तरच सोयीचं. पाणी आणि खायला बरोबर न्या. इथल्या संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा लेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांपैकी एक. त्यातली ओळ: 'वाछि तो विजेया होईवा'. वाचेल तो विजयी होईल. मास्तरकी करणाऱ्याला यापेक्षा काय हवं! हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दगडात खोदून वाचायला सांगितलंय, आणि आपण पोरांना धडा वाचा म्हणून ओरडतोय. कुडललाच ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. प्रत्येक चेहरा वेगळा आहे का हे बघायचं ठरवलं होतं, तिसाच्या पुढे मोजदाद चुकली.

आमची मात्र वेळ चुकली. पोचेपर्यंत साडेअकरा. चपला बाहेर काढल्या, छत्री उघडली, ऐटीत फरशीवर पाऊल टाकलं आणि किंचाळलेच. डोक्यावर सावली, पायाखाली तवा. मामेभाऊ सावलीच्या पट्ट्यापट्ट्यांतून उड्या मारत गेला, मी मागून. गोष्टीत सूर्यानं दोन वस्तू का दिल्या, एक का नाही, ते तळपायांना त्या पंधरा पावलांत समजलं. (पायमोजे न्या. किंवा आठच्या आत पोचा. दोन्ही केलंत तर उत्तम.)

परत येताना एका शेतात कालच्या वळवानंतर औत चाललं होतं. औत धरणाऱ्याच्या डोक्यावर पोत्याची खोळ, एक कोपरा दुसऱ्यात खुपसून केलेली. आमच्याकडे लावणीला इरलं घेतात, त्याची ही बहीण. कुणी कोरून ठेवली नाही, कुठल्या राजावर धरली नाही, आणि दोन्ही हात मोकळे. मामेभाऊ म्हणाला, "बाबांकडं पण एक होतं असं पोतं. छत्री विसरली की." मामाला मी कधी छत्रीशिवाय पाहिल्याचं आठवत नाही.

परतीचा दिवस

मामीनं शेंगाची चटणी, कडक भाकरी (उभी रचून) आणि खुंटीवरची छत्री बांधून दिली. मी नको नको म्हटलं. "तुझ्याकडं पाऊस आहे ना? मग घे की. इथं नुसती भिंतीला टेकून राहील."

पुण्यापर्यंत रेल्वे, पुढे एसटी. कोयनानगर सोडलं आणि कुंभार्ली घाटात शिरताच काच ओली झाली. मृगाला अजून दिवस होते, पण पाऊस आपला, मुहूर्त बघत नाही. चिपळूणला उतरले तेव्हा चांगलाच लागला होता. स्टँडच्या छपराखाली उभी राहून मामाची छत्री उघडली. चाचांचं तेल मुरलं होतं, खटका एका झटक्यात बसला. रस्त्यावर आले.

पहिला थेंब कपाळावर पडला, दुसरा मानेवर. वर पाहिलं तर चाळीस उन्हाळ्यांनी विरलेल्या कापडातून सगळीकडून पाणी झिरपत होतं. चाचांनी ती आभाळाकडे धरून का पाहिली होती, ते आत्ता कळलं. पुलापर्यंत येईतो चष्म्यातून काही दिसेना. रिक्षावाला थांबला. छत्री उघडी असताना मी अशी निथळत का उभी आहे हे त्याला कळेना, आणि मी ती मिटतही नव्हते.